बिडरी, अण्णा

हुबळीहून धारवाडला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या तरुणीच्या डाव्या हाताने माझी बाही पकडली. मला उणकलला उतरायचं होतं.

"काका, ओढू नका. ओढलं की तो जास्तच आवळतो," ती म्हणाली. लहानपणी तिच्या मेंदूत कॅन्सरची गाठ झाली होती. डोक्याला किरणं दिली, ती वाचली. पुढे त्याच किरणांमुळे रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आणि पंचविशीत पक्षाघात आला. तेव्हापासून हा हात स्वतःच्या मर्जीने मिटतो. "मान दिला की सोडतो. बिडरी, अण्णा!" सोडा की, अण्णा, असं ती त्याला कानडीत विनवू लागली.

आज ती पहिल्यांदाच एकटी प्रवास करत होती. आई धारवाडच्या स्टँडवर वाट पाहत होती. लेक कुणाला धरून उतरताना दिसली, तर उद्यापासून आई रोज बरोबर येणार होती.

उणकल मागे गेलं. कंडक्टरने हाताला नमस्कार केला. मागच्या बायकाही "बिडरी, अण्णा" म्हणू लागल्या. "चहा पाजतो म्हणा त्याला," एक म्हातारा म्हणाला. स्टँड आला आणि बोटं उघडली.

ती एकटी उतरली. आईने आनंदाने तिचा तोच हात हातात घेतला. मग दोघी तिथेच अडकून उभ्या राहिल्या, आणि लेक पुन्हा अण्णाला विनवू लागली.

माझी बायको गेल्या महिन्यात पक्षाघातानेच गेली. शेवटी तिची बोटं माझ्या हातात नुसती ठेवलेली असत. त्या आईचा मला हेवा वाटला.