चपलांच्या रॅकवर वाया घालवलेला शब्द

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी सेक्रेटरीकाकांना फॅसिस्ट म्हटलं, ते चपलांच्या रॅकवरून. पॅसेजमधले रॅक आठ दिवसांत घरात घ्या, नाहीतर उचलून गच्चीवर ठेवू, अशी नोटीस त्यांनी लावली होती. आई अंथरुणाला खिळलेली, मी कॉलेजातून दमून आलेली, डोकं फिरलं. 'हा निव्वळ फॅसिझम आहे, आणि काका, तुम्ही फॅसिस्ट आहात,' असं लिहून टाकलं. भराभर अंगठे आले. खरं सांगते, मला तेव्हा झकास वाटलं होतं.

आणि मी राज्यशास्त्र शिकवते. विरोधकांना चिरडणारी सत्ता, नेत्यापुढे गहाण टाकलेली अक्कल, शत्रू ठरवलेल्या माणसांना आधी शेजारातून आणि शेवटी जगातून उठवणं, आणि त्यावर टाळ्या पिटणारी गर्दी, एवढं सगळं त्या शब्दात आहे, असं मी दरवर्षी वर्गात सांगते. हजेरीवरून एका मुलीने मला फॅसिस्ट म्हटलं, तेव्हा तिला अख्खा तास ऐकवलं होतं.

काका मूळचे मालवणचे. गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या कारखान्यात राबले, रिटायर झाल्यावर सोसायटी सांभाळत होते. त्या मेसेजनंतर महिन्याभरात तब्येतीचं कारण सांगून सेक्रेटरीपद सोडलं. मी कधी विचारायला गेले नाही. रॅक मात्र तोवर सगळ्यांनी आत घेतले होते, आणि पुढे त्याच मोकळ्या पॅसेजमधून आईचं स्ट्रेचर कुठेही न अडकता लिफ्टपर्यंत गेलं. तेव्हाही मी त्यांना काही म्हटलं नाही.

शेवटचं वर्षभर आईचं सगळं एका नर्सबाईंनी केलं. आई त्यांच्या हातचंच जेवायची, माझ्या हातचं थुंकून टाकायची. आई गेल्यावर तिचा माझ्या शेजारचा फ्लॅट रिकामा झाला. नर्सबाई भाड्याच्या घरासाठी वणवण करत होत्या. मी म्हटलं, इथेच या. त्या मुसलमान आहेत, हे मला सांगावंसंही वाटलं नव्हतं. ते नव्या कमिटीने शोधून काढलं आणि सभा बोलावली.

नव्या सेक्रेटरीने ठराव वाचला, भाडेकरू 'आपल्यातलेच' असावेत. आवाज अगदी गोड. वर्षभर याच बाईंकडून बीपी तपासून घेणारी माणसं मान डोलावत होती. मी उभी राहिले. कायदा सांगितला, आईचं सांगितलं, शेवटी म्हटलं, "फॅसिझमची सुरुवात अशीच होते."

सभेत हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तुम्ही चपलांच्या रॅकलापण तेच म्हणाला होतात ना?"

मग हात वर झाले. विरोधात कोण, असं विचारल्यावर मी हात वर केला आणि उगाच मागे वळून पाहिलं. शेवटच्या खुर्चीत काकांचा हात वर होता.

सभा संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "काका, मी तुम्हाला तसं म्हणायला नको होतं."

ते कठड्याला धरून थांबले. "बाय, मी तेव्हा नातीक अर्थ इचारलंय. तिना माका मोबाइलवर छळछावण्यांचे फोटो दाखवल्यान. दोन दिस घास उतरूक नाय." मग एक पायरी उतरून म्हणाले, "आज मात्र तुझा कोणीतरी ऐकूक व्हया होता."

घरी येऊन मी नर्सबाईंना फोन लावला. कोर्टात जाऊ, म्हटलं. त्या म्हणाल्या, "नको ताई. भांडून मिळालेल्या घरात झोप लागत नाही मला." मग विचारलं, "माझ्या बाजूने कोणी होतं का?"

"दोघं होतो."

"दुसरं कोण?"

"दुसऱ्या मजल्यावरचे काका."

"रॅकवाले? ज्यांना तुम्ही ते लिहिलं होतं?" त्या दिवशी आईच्या पलंगाशी बसून मीच त्यांना तो मेसेज हसत वाचून दाखवला होता.

"हो," मी म्हटलं. "तेच."