मंगळवारचा गुस्सा

माझी लेक लहान असताना रागावली की रडायची नाही. रडायला तोंड उघडायची आणि आवाजच यायचा नाही. ओठ निळे पडत, डोळे पांढरे होत, अंग लाकडागत ताठ. भर दुपारी माधवगंजातल्या आमच्या अंगणात असा सन्नाटा व्हायचा की समोरच्या हलवायाची कढई कडकडलेली ऐकू यावी. मग कुठूनसा श्वास परत यायचा, आणि त्याच्यामागून एक आवाज. घोगरा, जाड. तो माझ्या लेकीचा नव्हता.

आम्ही मराठे, पण ग्वाल्हेरात पिढ्या गेलेल्या, त्यामुळे रागाला आमच्याकडे गुस्साच म्हणत. "छोकरीला गुस्सा फार," एवढंच आधी सगळे म्हणायचे. मी तोंडावर पाणी मारी, मीठमोहरी ओवाळून टाकी. एकदा ती अशीच ताठ झालेली असताना शेजारणीने सहज विचारलं, "बाई, माझी कळशी कुठं गेली गं?" उत्तर लेकीच्या तोंडून आलं, त्याच घोगऱ्या आवाजात, "विहिरीत." आणि कळशी विहिरीत सापडली. आता हरवलेली कळशी विहिरीत नाही तर काय पिंपळावर सापडणार? पण ऐकतंय कोण! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की हिच्या अंगात देवी येते.

मंगळवारी बायका येऊ लागल्या. नारळ, खण, हळदकुंकू. माझ्या एवढ्याशा पोरीच्या पायांवर म्हाताऱ्या डोकं ठेवायच्या. सासूबाई स्वतः पाट मांडायच्या. मला म्हणाल्या, "देवीला नाही म्हणू नये, घर उजाड होतं." पण देवी यायची तर पोर रागवायला हवी. मग बायकाच तिला राग आणायच्या. एकजण बाहुली ओढून घेई, दुसरी चिमटा काढी, तिसरी गोड हसून म्हणे, "तुझी आई तुला टाकून किल्ल्यावर गेली." आणि मी तर दारातच उभी असायची. मग सगळ्या गप्प होऊन ओठ निळे व्हायची वाट बघत बसायच्या.

मला देवीची भीती नव्हती. एखाद्या मंगळवारी तो श्वास परतलाच नाही तर? भीती होती ती याची. त्यात पोर हल्ली इतर दिवशीही स्वतःच्या नावाला ओ देईनाशी झाली होती. हाक मारली की मागे वळून बघायची, जणू तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या कोणाला तरी बोलावलंय.

घरधनी पलटणीबरोबर दूर. मी सरळ भांडले असते तर मलाच माहेरची वाट दाखवली असती. पण पहाटेचं दळण माझं होतं. जात्याशी बाई काहीही बोलू शकते. सासूचं गाऱ्हाणंही ओवीत घालून दळलं तर कोणी दोष देत नाही. मी लेकीला समोर बसवलं. तिचे हात खुंट्यावर, वरून माझे. "कोणाचा गुस्सा आलाय ते जात्याला सांग." ती ओठ मिटून बसली. मग मी माझं सुरू केलं. सासूबाई ऐकत असतील तर ऐकोत! हळूहळू तीही पुटपुटू लागली, "बाहुली घेतली. माझी होती. मला गुस्सा आलाय."

बोलायचं तर श्वास घ्यावाच लागतो, ही साधी गोष्ट मला तिथं कळली. मग दिवसभर आमचं तेच. ओठ थरथरले की मी तिच्यापुढे खाली बसायची, हात धरायची, "काय आलंय? तोंडानं सांग." कधी जमायचं, कधी पुन्हा निळी व्हायची. मोठं चिवट काम, बाई! ओरडून काही होत नाही, मारून तर नाहीच. आधी आपणच शांत व्हावं लागतं, आणि मेलं तेच सगळ्यात कठीण.

गल्लीच्या टोकाला एक मावशी राहायची. एकुलता एक मुलगा पलटणीतून समुद्रापार लढाईला गेलेला, आणि बरेच दिवस काही खबर नाही. दर मंगळवारी तिचा एकच प्रश्न, "येईल ना माझा लेक?" आणि तो घोगरा आवाज म्हणायचा, "येईल." त्यावर ती बाई आठवडा काढायची.

एका मंगळवारी तिनेच बाहुली ओढली. लेकीचे ओठ थरथरले. तिने माझ्याकडे बघितलं आणि आपल्या बारीक आवाजात म्हणाली, "मला गुस्सा आलाय. माझी बाहुली द्या."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "गेली वाटतं देवी," कोणीतरी कुजबुजलं. एकेक करून त्या उठल्या, नारळही उचलून घेऊन गेल्या. मावशी मात्र हलेना. "रागाव ना गं," ती म्हणाली. "बरं, खोटं तरी बोल. येईल म्हण."

"मला नाही ठाऊक, मावशी."

मावशीचं तोंड उघडलं आणि आवाजच येईना. ओठ निळे पडले. डोळे पांढरे झाले. मग तिच्या घशातून आला तो आवाज, तोच घोगरा, जाड, जो मी इतके दिवस माझ्या लेकीच्या तोंडून ऐकला होता: "बोल!" सासूबाईंनी घाईघाईने हात जोडले.

लेक मागे सरली नाही. ती मावशीपुढे उकिडवी बसली आणि तिचे हात धरले.

"तुम्हाला गुस्सा आलाय ना, मावशी? कोणाचा?"

मावशी तशीच ताठ होती. मग एकदम श्वास आला.

"माझाच गं," ती आपल्या आवाजात म्हणाली. "तो नको म्हणत होता. मीच धाडलं त्याला."