टेकू लावून जाणारा चोर

त्या धर्मशाळेचा पंचनामा मला अजून जसाच्या तसा आठवतो, कारण त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली होती आणि मी ती बोलले नाही.

मी होमगार्डमध्ये होते. आमच्या वेळी चौथी पास बाईला घेत. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात महिला पोलीस कमी, म्हणून बाईमाणसाचा जबाब असला, झडती असली की मला बोलावणं यायचं. खाकी साडी नेसायची, हजेरी द्यायची आणि सांगतील तिथं उभं राहायचं. एवढंच माझं काम. बोलायचं काम साहेबांचं.

गावात जुन्या रस्त्यावर दगडी धर्मशाळा आहे. पुढं लांब सोपा, सागवानी खांब आणि खांबांच्या डोक्याला तुळईला आधार देणारे कोरीव लाकडी हस्त. त्यावर केळफुलं आणि पोपट कोरलेले. नगरपालिकेनं ती धोकादायक ठरवली होती. तिथं दुकानांचे गाळे होणार होते, पाडायला ठेकेदारही ठरला होता. पेठेतल्या लोकांनी ती वाचवायला समिती काढली. तिचे पुढारी मिल्ट्रीतून आलेले एक सुभेदार. त्यांनी अर्ज केले, सह्या घेतल्या, मुंबईपर्यंत पत्रं पाठवली. शेवटी पुरातत्त्व खात्याची माणसं दहा दिवसांनी पाहणीला येणार असं कळलं. जुनं कोरीव काम दिसलं तरच इमारत जपायच्या यादीत घ्यायची, असं पत्रात होतं.

आणि त्याच आठवड्यात सहा हस्त नाहीसे झाले.

सुभेदार ठाण्यात आले ते टेबलावर हात आपटतच. "साहेब, लिवून घ्या. ठेकेदाराचं काम हाय हे. पाहणीला काय दिसायलाच नको म्हणून."

साहेबांनी गुन्हा दाखल केला. पंचनाम्याला मी टेप धरायला होते. साहेब वर बघून सांगत होते, हवालदार लिहीत होते. मी खाली बसून माप घेत होते, म्हणून मला खालचं दिसलं. जिथला हस्त काढला होता तिथं तुळईखाली वासा उभा करून टेकू दिला होता. वाश्याच्या बुडाखाली सपाट दगड. खांबाच्या रिकाम्या खाचांत लाकडाच्या पाचरी बसवलेल्या, आत पाणी जाऊ नये अशा. लाकडाचा एक कपचा पडला नव्हता. मला वाटलं, हा कसला चोर? पण साहेबांना सांगायला जीभ रेटली नाही. पंचनाम्यात "टेकू दिलेला आढळला" एवढं आलं. समितीनंच दिला असेल, असं सगळ्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या मुकादमाला आणलं. साहेबांनी दोन तास बसवून ठेवला. तो घाबरला नाही, उलट वैतागला.

"साहेब, मला पाडायचंच असंल तर मी एकेक हस्त काढत बसू व्हय? जेसीबी हाय की दारात!"

हवालदार हसले. साहेब हसले नाहीत, पण त्याला सोडला.

तीन दिवस असेच गेले. भंगारवाले झाले, सांगलीचे जुन्या लाकडाचे व्यापारी झाले. कुठंच माल नव्हता. मग साहेबांच्या खबऱ्यानं बातमी दिली. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी हार्डवेअरच्या दुकानातून लाकडाला पाजायचं जवसाचं तेल आणि गोणपाट नेलं, आणि हातात काम तर कुठलंच नाही. हे मिस्त्री मुसलमान. सुतारकामात त्यांच्या हाताला तोड नाही असं सगळी पेठ म्हणायची. दुकानदारानं आणखी सांगितलं, "भरदुपारी शिडी लावून धर्मशाळंत काम करत हुते की. आमाला वाटलं समितीनं लावलंय." समितीतल्या ज्यांनी बघितलं त्यांना वाटलं नगरपालिकेनं लावलंय.

साहेब म्हणाले, "ठेकेदारानं फोडलाय म्हाताऱ्याला."

बाईला जबाबाला ठाण्यात बोलावता येत नाही, घरी जावं लागतं. म्हणून मला घेऊन साहेब मिस्त्रींच्या घरी गेले. मिस्त्री लेकीकडं जतला गेले होते. घरात त्यांची बायको एकटी. आम्ही सगळे तिला चाची म्हणायचो.

साहेबांनी विचारलं, दरडावलं, समजावलं. चाची गहू निवडत बसली. "मला काय म्हाईत न्हाई." अर्धा तास हेच. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते पाणी प्यायला बाहेर गेले आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी खाली तिच्याजवळ बसले.

"चाची, त्यो टेकू लय बेस बसवलाय. कुणी लावला?"

चाचीनं सूप खाली ठेवलं. "मग काय तसंच सोडून येणार? तुळई खाली येईल की! म्हातारी माणसं बसत्यात तिथं. अगं, चाळीस वर्सं लाकडात हाय माझा माणूस. हस्त काढायचा आणि टेकू द्यायचा न्हाई, असं काम त्यांच्या हातनं हुईल?"

एवढं बोलली आणि तिनं सूप परत ओढलं. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. साहेब दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग चाचीनं स्वतः उठून अंथरुणांची वळकटी बाजूला केली. खाली सहाच्या सहा हस्त. तेल पाजलेले, गोणपाटात बांधलेले. प्रत्येकाच्या पाठीला पटाशीनं खूण केलेली, कुठल्या खांबाचा आणि कुठल्या बाजूचा ते कळावं म्हणून. विकणारा माणूस अशा खुणा करत नाही.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी एसटीनं आले ते थेट ठाण्यात. साहेबांनी सुभेदारांनाही बोलावलं होतं.

"का केलंत मिस्त्री?"

"मागं गावची वेस पाडली तवा बी समितीचा अर्जच चालला हुता साहेब. सकाळी जेसीबी आला, दुपारपतोर सपाट. दरवाज्याचं लाकूड हाटेलच्या भट्टीत गेलं. माझ्या डोळ्यांदेखत. म्हणलं, धर्मशाळा गेली तर जाऊ दे, एवढं तरी ऱ्हाऊ दे."

सुभेदार ताडकन उठले. "आरं पण आमाला सांगायचं न्हाईस? चार दिवसांत पाहणी हाय! तुझ्यापायी समदं जातंय आता!"

"तुमी बोलावलं कवा?" मिस्त्री शांतपणे म्हणाले. "कागुद आला, सही करा म्हणून. केली सही. सभेला या असं कोण म्हणलं? पाहणी हाय हे मला आज कळतंय."

सुभेदार खाली बसले.  समितीत वकील होते, शिक्षक होते, दुकानदार होते. त्या इमारतीचं लाकूड ज्याला कळतं असा माणूस एकही नव्हता.

आता अडचण वेगळीच. हस्त मुद्देमालात जमा होते. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ते ठाण्याबाहेर जात नाहीत. साहेबांनी स्वतः बसून अहवाल लिहिला. इमारत नगरपालिकेची, म्हणून सुभेदार तो घेऊन नगरपालिकेत गेले, मुख्याधिकाऱ्यांच्या दारात बसले आणि त्यांच्या सहीचा अर्ज घेऊनच उठले. पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी कोर्टाचा हुकूम मिळाला. हस्त नगरपालिकेच्या ताब्यात आले आणि त्यांनी ते मिस्त्रींच्या हातात दिले.

त्या दिवशी मला ड्यूटी नव्हती, तरी मी गेले. मिस्त्री शिडीवर, सुभेदार शिडी धरून खाली.

"नीट धरा सुभेदार. बॉर्डर न्हाई ही, शिडी हाय."

"तू वर बघ गड्या. मी पडू देत न्हाई."

पेठेतल्या बाया पाणी आणून सोपा धूत होत्या. चाचीनं सगळ्यांना चहा केला. दिवस मावळायच्या आत सहावा हस्त बसला. एक खिळा लागला नाही.

पाहणीची माणसं आली, फोटो काढले, मापं घेतली. त्यातल्या एका बाईंनी हस्तावर हात फिरवून विचारलं, "हे काढून परत बसवलंय ना? कुणी केलं?"  मिस्त्री मागं सरकत होते. सुभेदारांनी त्यांना दंडाला धरून पुढं आणलं.

पुढं पत्र आलं. पाडकामाला मनाई, इमारत यादीत घ्यायची शिफारस, आणि दुरुस्ती गावातल्याच जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून साहेबांनी कोर्टात केस बंद करायची 'क' समरी पाठवली आणि ती मंजूर झाली. मिस्त्रींवर डाग राहिला नाही.

नोकरीत मी पुष्कळ चोर बघितले. चोर घाईत असतो. मागं काय पडलं, काय मोडलं, याचं त्याला काही नसतं. मागचं नीट लावून जाणारा माणूस दिसला तर त्याला चोर म्हणायच्या आधी थांबावं, हे मी या केसमध्ये शिकले. आणि आपल्याला दिसलेलं आपणच बोलायचं असतं, हेही. मी पंचनाम्यालाच तोंड उघडलं असतं तर पाच दिवस वाचले असते. पुढं साहेब दर पंचनाम्याला मला विचारायचे, "बाई, तुम्हाला काय दिसतंय?" आणि मी सांगायचे.

समितीची नंतरची सभा धर्मशाळेच्या सोप्यातच झाली. मीही कडेला बसले होते. हार आणले होते, माईक आणला होता. सुभेदार म्हणाले, "आज आधी मिस्त्री बोलतील."

मिस्त्री उठले. त्यांना माईक धरता येईना. तो बाजूला ठेवून ते म्हणाले, "म्होरल्या म्हयन्यात पाऊस हाय. वरली पन्हळ पाल्यानं तुंबलीया. ती काढाय कोण येतंय?"

अकरा हात वर झाले. सभा तिथंच संपली आणि सगळे शिडी आणायला गेले.