साधा पंखा

खंडेनवमीला विळी-कोयत्याला हळद-कुंकू वाहून झालं, की मी जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याशी येते आणि जुन्या सामानाच्या दुकानातली ती दुपार आठवते. आमच्या यांचं डायलिसिस चालू होतं, तरी पूर्वी त्यांच्या टायपिंग क्लासात होता तसाच कॉम्प्युटर त्यांना पुन्हा जोडायचा होता. दुकानात जळक्या वायरींचा वास कोंदला होता, माझे पाय भरून आले होते. दुकानदाराने डब्यात बसणारा त्याच काळातला पंखा शोधून काढला, तर हे म्हणाले, "हा नको, साधा दे, कुठेही मिळणारा." मी वैतागले. "अहो, अस्सल मिळतोय तर घ्या की, मला घरी जायचंय!" "अगं, अस्सल बिघडला तर तू कुठे शोधत फिरशील?" "मी कशाला फिरू? तुम्ही आहात ना?" त्यांनी दुकानदाराकडे स्क्रू मागितले. यंदा तो पंखा बंद पडला. आमच्या इंदिरानगरात कोपऱ्यावरच्या दुकानात तसाच लगेच मिळाला, तिथल्या माणसानेच बसवूनही दिला. मला कॉम्प्युटर चालवता येत नाही. सणाला चालू करते, पंखा फिरतोय एवढं बघते आणि बंद करते.