स्वभावाचा रकाना

मी स्पष्टवक्ती आहे, हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलंय की आता कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. "माझं सगळं तोंडावर असतं हो, मनात ठेवायची मला सवयच नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं क्लार्क होते, तिथे हेडसरांनासुद्धा ऐकवलं होतं. काय ऐकवलं ते आता नीट आठवत नाही. बहुतेक पंख्याबद्दल होतं.

रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून रविवारी सकाळी दादरच्या एका वधू-वर सूचक मंडळात जायला लागले. काम सोपं. आलेल्यांचे फॉर्म तपासायचे, फोटो चिकटवलाय का बघायचं, फाइलला लावायचे. मोबाइलवर एवढी ॲप असताना लोक इथे कशाला येतात, असं मला पुष्कळ जण विचारतात. ॲपवर आईला शेजारी खुर्ची टाकून बसता येत नाही, म्हणून येतात.

फॉर्मवर शिक्षण, उंची, पत्रिका झाल्यावर 'स्वभाव' असा एक रकाना आहे. पहिले सहा महिने मी तो नुसता वाचत होते. सगळे शांत, सगळे मनमिळाऊ. एकाने 'मितभाषी' लिहिलं आणि मितभाषी माणसं आजकाल किती कमी झालीत हे मला पाऊण तास समजावून सांगितलं. एका मुलीने लिहिलं, 'कुठेही ॲडजस्ट होणारी'. तेवढं लिहून होईपर्यंत तिने तीन खुर्च्या बदलल्या. बरं, ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. चेहऱ्यावर दिसतं ते.

शेवटी मी नियम काढला. स्वतःचा स्वभाव स्वतः लिहायचा नाही. सोबत जो कोण आला असेल त्याने लिहायचा, आणि ज्याचा लिहिलाय त्याने तो खोडायचा नाही. मंडळात माझ्या शेजारी एक बाई बसतात, माझ्याच वयाच्या. त्या घाबरल्या. म्हणाल्या, भांडणं होतील. झालीही दोन-चार. पण रकान्यात पहिल्यांदाच काहीतरी कामाचं यायला लागलं. 'राग पटकन येतो, जेवला की जातो', असं एका बहिणीने भावाबद्दल लिहिलं होतं. आता यावर एखादी मुलगी विचार तरी करू शकते.

गेल्या वर्षी माझा मुलगा तयार झाला. चौतीस वर्षांचा घोडा. त्याचे वडील गेल्यापासून परळच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच असतो. चार वर्षं मी लग्नाचं काढलं की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. त्या रविवारी स्वतःहून म्हणाला, "चल, मी पण येतो. घाल माझं नाव." मला इतका आनंद झाला की त्याला अंगातला इस्त्रीचा शर्ट काढून दुसरा इस्त्रीचा शर्ट घालायला लावला.

मंडळात नियमाप्रमाणे त्याचा रकाना मी भरला. 'हट्टी. प्रेमळ. ओला टॉवेल गादीवर टाकतो.' त्याने वाचलं, मान हलवली, काही खोडलं नाही. मग पान उलटलं. मागच्या बाजूला घरातल्या माणसांची माहिती असते, त्यातही स्वभाव लिहायचा असतो. आमच्या घरातली माणसं म्हणजे मी. तो पेन धरून बराच वेळ बसला, मग लिहिलं आणि कागद माझ्याकडे तपासायला दिला.

'आई. मनातलं बोलत नाही.'

मी म्हटलं, "हे चुकलंय."

"नियम तुझाच आहे. खोडायचं नाही."

"मनातलं बोलत नाही? मी? अख्ख्या परळला जाऊन विचार."

"परळला बोलतेस ना. भाजीवाल्याला बोलतेस, सोसायटीच्या सेक्रेटरीला बोलतेस. मला कुठे बोलतेस?"

मी शेजारच्या बाईंकडे बघितलं. 'छे, काहीतरीच काय', एवढं म्हणायला त्यांना काही हरकत नव्हती. त्या रजिस्टरमध्ये कुठला तरी नंबर शोधत होत्या. मला ते फार झोंबलं. पण नियम म्हणजे नियम. फॉर्म होता तसा फाइलला लावला.

घरी चालत निघालो. नायगाव येईपर्यंत मी त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही. त्यामुळे त्याचंच म्हणणं खरं ठरतंय हेही मला कळत होतं, म्हणून आणखीच चीड येत होती. जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहतायत, तिथल्या पत्र्यांच्या कडेने चालताना तो म्हणाला, "चार वर्षांपूर्वी मी तिला घरी आणलं होतं. तुला ती नको होती ना?"

"मी नाही म्हटलं होतं का?"

"नाही ना. तेच तर."

ती मुलगी त्याच्या ऑफिसातली. दुपारची आली होती. मी घावणे केले होते, तिने चार खाल्ले आणि पीठ किती पातळ ठेवता ते विचारलं. मी सगळं रीतसर केलं. निघताना चपला घालत ती म्हणाली, "येते हं काकू." आपल्याकडे यावर 'ये गं परत' म्हणायचं असतं. मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा मी 'या' म्हणते. तिला मी म्हटलं, "बरं." ती जरा थांबली, माझ्याकडे बघितलं आणि जिना उतरली. मुलगा तिच्या मागेच उभा होता, त्यानेही ऐकलं. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. मी आपली स्वतःला सांगत राहिले की मी काही आडवी आले नाही, त्यांचंच काहीतरी फिसकटलं असेल.

"का नको होती?" त्याने विचारलं. "आता तरी सांग."

आम्ही सिग्नलला उभे होतो. सिग्नल सुटला, लोक पलीकडे गेले, आम्ही तिथेच. म्हटलं, होऊन जाऊ दे.

"ती बोलायला लागली की तू हसत होतास. बाबा गेल्यापासून तू घरात तसा हसला नव्हतास. मला वाटलं, ही आता तुला घेऊन जाणार. ठाण्याला नाहीतर कुठेतरी फ्लॅट घ्याल, आणि मी इथे भिंतींशी बोलत बसेन. मुलीत काही खोट नव्हती रे. मीच घाबरले."

एवढं बोलून मी सिग्नलच्या खांबाला टेकले. हेडसरांच्या वेळी असलं काही झालं नव्हतं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. समोरच्या फळवाल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गेल्या महिन्यात तिचं लग्न झालं. म्हणून आज फॉर्म भरला."

मी त्याच्या शर्टाची कॉलर उगाच सरळ केली.

"आम्ही वेगळं राहणार नव्हतो गं," तो म्हणाला. "त्या दिवशी ती तुला तेच विचारायला आली होती. दोन खोल्यांत आणखी एक माणूस तुला चालेल का."