गाठ न मारलेली वायर

आखाडा बाळापूरला आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबांचं सुतारकाम चालतं. मागच्या वर्षी इलेक्ट्रिक रंध्याच्या वायरीत पाय अडकून ते पडले आणि उजवं मनगट मोडलं. त्याच्या थोडं आधी एका मंडळाने त्यांना 'काष्ठमहर्षी' म्हणून शाल दिली होती. व्यासपीठ बाबांनीच ठोकलेलं होतं, त्यामुळे सगळी भाषणं त्यांनी फळ्यांची करकर ऐकण्यात घालवली. ती शाल आता रंध्यावर असते. धूळ चांगली अडवते.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मायने निकाल दिला, "मशिनी इकून टाका. कळमनुरीचा माणूस रविवारी बघाया येऊन राहिला."

बाबा बाजेवर बसून आपला बारीक झालेला हात बघत राहिले. काम सोडून या माणसाला दुसरं काही येत नाही, नुसतं बसणं तर मुळीच नाही. मी ठरवलं, मशिनी जाणार नाहीत. वायरी जातील.

रंधा, कटर, ड्रिल, लाकडात खाचा पाडणारा राउटर. प्रत्येकाची लांब वायर जमिनीवर लोळायची. मी सगळ्या वीतभर ठेवून छाटल्या आणि टोकांना पिना बसवल्या. मग एकच लांब वायर घेतली, तिच्या टोकाला सॉकेट. जे मशीन हातात त्याला ती जोडायची, बाकीची फळीवर. वीज कायम सॉकेटच्या भोकांत, पिना मशीनकडे. हे उलटं झालं असतं तर शाल वेगळ्या कामाला लागली असती.

शेजारचा वायरमन बघायला आला. मी कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून तो मला सर म्हणतो.

"सर, चांगल्या मशिनीच्या शेपट्या काहून छाटल्या? हे तर ओढलं की सुटून जाईल."

"सुटावं म्हणूनच केलंय."

जास्त वाचलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

खरा विरोध बाबांचा. दुसऱ्याच दिवशी दोन्ही वायरींची गाठ मारून त्यांनी जोड पक्का केला.

"सुटलं की काम थांबतं," ते म्हणाले. "बैलालाबी दावं लागतं."

"बैल बांधा की! तुमी सोतालाच बांधून घेऊन राहिलात."

मी गाठ सोडली. संध्याकाळी परत गाठ. मी परत सोडली. आमच्या घरात हट्ट वारशाने मिळतो. जमीन त्या मानाने कमीच.

रविवारी बाबा सागवानी फळी रंधत होते. माय दारात उभी राहून कळमनुरीच्या माणसाची वाट बघत होती. फळीच्या दुसऱ्या टोकाकडे सरकताना बाबांचा पाय वायरीत गेला. माय ओरडली. टक् करून जोड सुटला, रंधा गप्प झाला. बाबा डुलले, आणि उभेच राहिले.

"लाईट गेली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. तुमी वाचलात," मी म्हणालो.

बाबांनी रंध्याचं बटण बंद केलं, पाय सोडवला आणि वाकून पिना पुन्हा सॉकेटमध्ये बसवल्या. सवयीने बोटं गाठ मारायला निघाली.

"मारा गाठ," माय म्हणाली, "मग बघा मशिनी ऱ्हातात का."

बोटं मागे फिरली.

कळमनुरीचा माणूस आला तेव्हा रंधा चालू होता. मायने त्याला चहा दिला आणि विचारलं, "दार-खिडकी काही करायची हाय का? माप सांगून जा."