आईच्या कूलरचा पंप आणि मासोळ्यांची खालची टाकी

अन्याय माझ्या आईवर झाला. त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला त्याच दिवशी, सकाळी सव्वानऊ वाजता. तिच्या खोलीतल्या कूलरचा पंप माझ्या बाबांनी आणि काकांनी काढून नेला, आणि काढण्याआधी तिला विचारलं नाही. मी तिथेच होते. पान्हा मी धरला होता, तेव्हा आरोपींत मलाही मोजा.

पंप नेला तो मासोळ्यांसाठी. बाबांनी साहेबांच्या घरी काचेची टाकी पाहिली आणि त्यांना दुसरं काही सुचेना. काकांनी हिंगण्याच्या एका ओळखीच्या वेल्डरकडून अँगलचं स्टँड करून आणलं, आणि नंदनवनातल्या आमच्या घरात, समोरच्या खोलीत, चार सोनेरी मासोळ्या राहायला आल्या. बाबा ऑफिसातून आले की बूट न काढता टाकीसमोर बसायचे. मला ते फक्त मार्क विचारायचे, मासोळ्यांना मात्र "जेवल्या का?" असं विचारायचे. मला त्याचा राग यायचा आणि बघतही राहावंसं वाटायचं.

संध्याकाळी नळ आला की बाबा आधी कूलर भरत, मग टाकी. मे महिन्यात दोन्हीकडचं पाणी रोज दोन-दोन बोटं उडायचं. काचेवर त्यांनी खूण केली होती, तिथपर्यंत बरोबर भरायचे आणि "झालं" म्हणायचे. एकही दिवस चुकवला नाही.

तरी महिन्याभरात दोन मेल्या. उरलेल्या दोन वरती येऊन तोंड उघडून तरंगत राहायच्या. बाबा जेवता जेवता उठून त्यांना बघून यायचे. आज संपणार की उद्या, एवढाच प्रश्न घरात उरला होता.

"दादा, याले खालची टाकी पाहिजे," काका म्हणाले. त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं: वरच्या टाकीतलं पाणी नळीनं खाली उतरतं, खालच्या टाकीत रेती आणि कोळशातून गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो.

"आपल्यासारख्या नवीन माणसाले जमते का ते?"

"त्यात काय जमवाचं? टब आहे, रेती आहे. फक्त पंप पाहिजे."

घरात पंप एकच होता.

आई मागच्या खोलीत शिलाई करायची. लग्नसराईचे ब्लाउज पडलेले असायचे. त्या सकाळी ती कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून त्या खोलीत आली तर कूलर नुसताच भणभणत होता.

"पंप कुठी गेला?"

"वहिनी, चार दिवसांचा प्रश्न आहे," काका म्हणाले. "मासोळ्या मरून राहिल्या."

"आणि मी काय करून राहिली मंग?"

बाबा म्हणाले, "मग्गानं पाणी टाक ना ताट्यांवर. तेवढंच गार होते." आणि ऑफिसला गेले. त्या दिवशी माझ्या झोळीत वस्तीतला नळ न विचारता हलवल्याच्या निषेधाची पत्रकं होती. मी ती वाटायला गेले.

तीन दिवस आई अर्ध्या अर्ध्या तासाने मशीनवरून उठून कूलरच्या तिन्ही बाजूंच्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर मग्याने पाणी मारत होती. कुणाच्या तरी रेशमी ब्लाउजवर तिच्या घामाचा डाग पडला. तो काढण्यात एक दुपार गेली. मासोळ्यांना काडीचा फरक नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी लाइट गेली. पंप थांबला, पण वरून पाणी आणणारी नळी थोडीच थांबते. घाण तळातून ओढली जावी म्हणून काकांनी तिचं तोंड अगदी खाली सोडलं होतं. टब भरला, वाहिला, पाणी मागच्या खोलीत शिरलं आणि मशीनखाली आईचे पाय भिजले तेव्हा कुठं आम्हाला कळलं. मी धावत जाऊन नळी उपसली. टाकीत चार बोटं पाणी उरलं होतं आणि दोन्ही मासोळ्या त्यात कशाबशा उभ्या होत्या.

"ड्रममधलं आण वं, कालचं," आई म्हणाली. "नळाचं ताजं नको, त्याले औषधाचा वास येते." आम्ही दोघींनी मग्यामग्याने टाकी भरली.

संध्याकाळी बाबा आले, ओली फरशी पाहून तसेच टाकीकडे धावले. दोन्ही मासोळ्या तळाशी दगडाभोवती एकमेकींच्या मागे लागल्या होत्या.

"पाहा, खालच्या टाकीनं केलं," काका म्हणाले.

"खालची टाकी दुपारपासून बंद आहे, भाऊजी." आई हसत होती. मग बाबांकडे वळली. "कूलरचं पाणी तुम्ही दर आठ दिवसांनी काढून फेकता. काहून?"

"वास मारते म्हणून."

"कशाचा वास?"

बाबांनी टाकीकडे पाहिलं. अखेर काकांनीच कबूल केलं, "मासोळीचा."

"मंग जिथं खऱ्याच मासोळ्या आहेत, तिथलं काहून नाही काढत? महिनाभर नुसतं भरूनच राहिले."

पाणी उडतं, घाण उडत नाही. कूलरच्या बाबतीत या शहरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. आमच्या घरातल्या दोन शहाण्या पुरुषांना आणि एका पत्रकवालीला काचेच्या टाकीपुढे ते आठवलं नाही.

त्याच संध्याकाळी बाबांनी पान्हा स्वतः घेतला. माफी मागणं त्यांना येत नाही. पंप बसवला, तिन्ही ताट्या हाताने चाचपल्या, सगळीकडे पाणी पोचतं का पाहिलं. "येते का हवा?" तीनदा विचारलं. आईने पहिल्या दोन वेळा मशीनच चालवली. तिसऱ्यांदा म्हणाली, "येते." मग बाबा तिथेच, कापडांच्या ढिगाशेजारी बसून राहिले. टाकीकडे त्या रात्री गेले नाहीत.

खालची टाकी वाईट नाही. टाकी मोठी असेल, मासोळ्या पुष्कळ असतील, हात बसला असेल तर ती खुशाल करा. पण ज्याने काल पहिल्यांदा काच भरली, दोन-चार मासोळ्या सोडल्या, त्याला तिची गरज नाही. त्याला एक बादली पुरे.

तेव्हा तुम्ही, ज्यांच्या समोरच्या खोलीत नवी टाकी आली आहे, उद्या सकाळी तिच्यातलं चौथाई पाणी काढा, आदल्या दिवशीचं साठवलेलं घाला, आणि दर आठवड्याला हेच करा. दोन महिने. त्यानंतरही खालची टाकी हवीच वाटली तर तिचा पंप बाजारातून नवा आणा. घरातल्या कुणाच्या कूलरला, तिला विचारल्याशिवाय, हात लावू नका.